दवाखाना कसा हवा, विचारत आलेला माणूस

"ओ ताई, आंबेतळ वस्तीला कुठून जायचं?"

मेढ्याच्या बाजारात आईच्या पाटीमागं बसून मी चिलापी माशांची खवलं काढत होते. मान वर केली. उंच, शिडशिडीत माणूस. पाठीला सॅक. पावसाची भुरभुर चष्म्यावर साचली होती, त्यामुळं त्याला मी नीट दिसतही नसणार. तरी तो हसत होता. मला उगीचच हसणारी माणसं आवडत नाहीत.

"कुणाकडं जायचंय?"

"वस्तीवरच. म्हणजे... सगळ्यांकडं."

सगळ्यांकडं! आमच्या वस्तीवर सगळ्यांकडं येणारी माणसं दोनच प्रकारची. मतं मागणारी आणि माहिती मागणारी. आणि मतदान तर होऊन गेलं होतं.

"त्या पिंपळापासनं डावीकडं वळा," मी सांगितलं, "अन् सरळ जात ऱ्हावा."

"थँक्यू हां, ताई."

तो गेला. आई माझ्याकडं बघत राहिली. "अगं, वस्ती उजवीकडं हाय. त्यो खाणीकडं गेला की."

"जाऊ दे. पाय मोकळं हुतील."

मी सुगंधा वाघमारे. आंबेतळ वस्तीची आशा. घरोघरी जाऊन गोळ्या देणारी, बाळांची वजनं करणारी. आमची चाळीस घरं, सगळी कातकऱ्यांची, धरणाच्या पाण्याला लागून. दिवाळीपर्यंत आम्ही मासे धरतो आणि दिवाळी झाली की सांगलीकडच्या वीटभट्ट्यांवर जातो. आमच्यात आम्ही कातकरी बोलीत बोलतो, पण ती तुम्हाला कळायची नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं इकडच्या बोलीत सांगते.

दुपारी चारच्या सुमाराला तो वस्तीवर उगवला. चपला हातात, गुडघ्यापर्यंत लाल चिखल. मी दारातच उभी होते. त्यानं मला ओळखलं. आता हा सगळ्यांसमोर बोलणार, असं वाटून मी ओठ घट्ट मिटले.

"इतका उशीर का वं?" माझ्या थोरल्या बहिणीनं, हिरानं विचारलं. तिचं सासरही वस्तीतलंच, आडनावही वाघमारेच.

"वाटेत खाण बघत बसलो," तो म्हणाला. मग हळूच माझ्याकडं बघून, "चांगली आहे खाण. ज्यांनी रस्ता सांगितला त्यांचे आभार मानायला पाहिजेत."

माझे कान तापले. पण त्यानं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही? त्याचाही मला संशयच आला.

त्याचं नाव प्रज्योत बनसोडे. सांगलीला विश्रामबागेत राहायचा. तिथल्याच एका संस्थेत नोकरी. सरकारी दवाखान्याबरोबर त्यांचं काम चालायचं. बायामाणसं गोळा झाली, तेव्हा तो जमिनीवरच बसला आणि म्हणाला, "तुमच्या वस्तीसाठी दवाखान्याची सोय करायची आहे. ती कशी हवी, ते तुम्ही सांगायचं. आम्ही ठरवून आणायचं नाही."

हरणाबाई आमची सुईण. वस्तीतलं निम्मं माणूस तिच्या हातावर जन्मलेलं. तिनं विचारलं, "काय आनलंयस?"

"काही नाही, आजी."

"काय न्हेनार हायस?"

"तेही काही नाही."

"मग आलायस कशाला रं?"

सगळे हसले. मी हसले नाही. काही न आणता, काही न नेता माणूस चिखल तुडवत इतक्या लांब येतो, म्हणजे नक्की काहीतरी असणार.

माझ्या संशयाला कारण होतं. चार वर्षांपूर्वी वस्तीवर एक पांढरी गाडी आली होती. बाहेरची कुठलीतरी संस्था होती. त्यांनी घरटी एकेकाच्या दंडातून रक्त काढलं, बिस्किटाचे पुडे दिले, अंगठे घेतले आणि 'पंधरा दिवसांत रिपोर्ट येईल' असं सांगून गेले. मी तेव्हा आश्रमशाळेत होते. हिराला पहिल्यांदा दिवस गेले होते. पंधरा दिवस गेले, महिना गेला, दिवाळी झाली. रिपोर्ट आला नाही. भट्टीवर विटा वाहताना हिरा चक्कर येऊन पडली. ती वाचली, पण बाळ गेलं. तेव्हापासून हिरा कुणाला सुई लावू देत नव्हती. आणि आता तिला पुन्हा पाचवा महिना लागला होता. मी तिची सख्खी बहीण, वस्तीची आशा... तिच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक दिसत होत्या, आणि मला ती हात लावू देत नव्हती.

प्रज्योत दर आठवड्याला येऊ लागला. मी त्याच्यावर डोळा ठेवला.

"तुमी लिहीत का न्हाई काहीच?" एकदा मी विचारलंच. "माहिती घेणारी माणसं तर सारखी लिहितात."

त्यानं सॅकमधून कोरी वही काढून माझ्या पुढ्यात ठेवली. "तुम्ही लिहा, सुगंधाताई. वही वस्तीतच राहील. मी फक्त वाचीन, तेही तुम्ही दिली तर."

"अन् मी चुकीचं लिहिलं तर?"

"चुकीचा रस्ता सांगायचीही तुम्हाला सवय आहेच की."

मी वही ओढून घेतली. चेहरा मात्र दुसरीकडं वळवावा लागला, कारण हसू येत होतं.

बायकांना आधी बोलायला काही सुचेना. कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग एकदा सुरुवात झाली आणि माझा हात दुखायला लागला. सरकारी दवाखान्याच्या सिस्टर येतात त्या बाजाराच्या दिवशी, तेव्हा वस्तीत बाईच नसते. तपासणीला बसतात त्याही पलीकडच्या गावात. तिथं आम्ही दिसलो की लोक आधी आपल्या कोंबड्या मोजतात, मग बोलतात. दवाखान्यात बाळंतपणाला हरणाबाईला खोलीबाहेर काढतात. हिरा सगळ्यात शेवटी बोलली, "भट्टीवर गेलं की आमी कुणाच्याच यादीत नसतो. हितली म्हनती, तिकडं गेली. तिकडची म्हनती, हितली हाय."

प्रज्योतनं मान खाली घातली. 'यादी' शब्दावर त्याचा चेहरा उतरला, हे मी बघितलं. मनात नोंद करून ठेवली.

संध्याकाळच्या एसटीसाठी त्याला धरणाच्या पलीकडं सोडायचं काम माझ्याकडं आलं. होडीत तो दोन्ही हातांनी कड धरून बसायचा.

"नदीकाठच्या माणसाला पाण्याचं भ्या वाटतं व्हय?"

"आम्ही आधी नदीजवळच राहायचो. पुराचं पाणी दोनदा घरात बघितलंय. म्हणूनच भितो." तो पाण्याकडं न बघता माझ्याकडं बघत होता. "तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"गोड बोलणाऱ्या माणसांची."

"मग मी कडू बोलू का?"

"बोलून बघा."

त्यानं खूप विचार केला. "तुमच्या हाताला माशाचा वास येतो."

"अन् तुमी परवा तीन तुकडं खाल्लं त्याच हातचं!"

मी वल्हं जोरात मारलं. होडी एका अंगाला कलली.

"सुगंधा!" तो ओरडला.

मी वल्हं थांबवलं. धरणावर बारीक सरी पडत होत्या, पाण्यावर टिकल्या उठत होत्या. "ताई कुठं गेली?" मी विचारलं.

"पाण्यात पडली असेल," तो म्हणाला. मी वल्हं पुन्हा मारलं, पण हळू.

त्या रात्री मला झोप लागली, पण उशिरा.

पुढच्या खेपेला तो आला तो नखशिखांत भिजून. पाऊस आडवातिडवा कोसळत होता. त्याला आईनं चुलीपाशी बसवलं. "सॅकमधले कागद सुकवायला पाहिजेत," म्हणत मी सॅक उघडली. तो चटकन उठला. "नको... मी करतो."

त्याचं ते चटकन उठणं मला खटकलं. तोवर माझ्या हातात प्लॅस्टिकचं पाकीट आलं होतं.

आत एक जुनी यादी होती. चाळीस-पन्नास नावं. पुढं निळ्या शाईचे अंगठे. माझ्या आईचं नाव. हरणाबाईचं नाव. मधेच लाल पेनानं गोल केलेलं एक नाव: हिरा वाघमारे, आणि पुढं आकडा, सहा पूर्णांक दोन. तळाशी लिहिलं होतं, 'नोंद घेणारा: प्रज्योत बनसोडे.'

चुलीतलं लाकूड तडतडलं. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं नजर वळवली नाही, एवढं मात्र खरं.

"त्या पांढऱ्या गाडीत तुमी हुतासा."

"होतो," तो म्हणाला. "कॉलेजात होतो. सुट्टीत काम मिळालं. मी फक्त नावं लिहिली, ट्यूबवर चिठ्ठ्या लावल्या. महिन्यानं आकडे आले, तेव्हा हिराताईंचा आकडा बघून मी साहेबांना सांगितलं, यांना कळवायला पाहिजे. ते म्हणाले, आपला अभ्यास आकड्यांचा आहे, उपचाराचा नाही."

"अन् तुमी गप बसला."

"गप्प बसलो. काम सोडलं, यादी जवळ ठेवली. पण वस्तीवर यायचं धाडस झालं नाही."

"आता आलासा, त्याला महिना झाला. महिनाभर आमच्या हातचं खाऊन..." मी यादी त्याच्या पुढ्यात टाकली. मला राग कशाचा जास्त आला होता कुणास ठाऊक. त्यानं लपवलं याचा, का माझा संशय खरा ठरला याचा? मला तर तो खोटा ठरायला हवा होता. कधीपासून, ते मलाच कळलं नव्हतं.

"मी सांगणार होतो, सुगंधा..."

"ताई म्हणा," मी म्हणाले.

दारात हिरा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पोटावर एक हात, दुसरा चौकटीवर. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "सगळ्यांना बोलीव, सुगंधे. ह्यो यादी वाचंल. मोठ्यानं."

पाऊस ओसरल्यावर समाजमंदिरात वस्ती जमली. समाजमंदिर म्हणजे पत्र्याची शेड. प्रज्योत उभा राहिला आणि एकेक नाव वाचू लागला. नाव, आकडा, आकड्याचा अर्थ. कुणाचं रक्त बरं, कुणाचं कमी. तीन नावं आता हयात नव्हती. ती वाचताना तो थांबला, पण वाचली. लाल गोलापाशी तो आला.

"हिरा वाघमारे. सहा पूर्णांक दोन."

"म्हंजी काय?" हिरानं विचारलं.

"रक्त फार कमी. धोक्याचं. तेव्हाच औषधपाणी मिळालं असतं तर..."

"तर काय? वाक्य पुरं कर."

त्यानं कागदावरची नजर उचलून हिराकडं बघितलं.

"तर कदाचित बाळ वाचलं असतं," तो म्हणाला. "मी तेव्हा गप्प बसलो. माझी चूक आहे. माफी मागायला आलो होतो, आणि मागायलाच घाबरलो."

माणसं उठली. कुणी शिव्या दिल्या, कुणी त्याची सॅक बाहेर फेकली. हरणाबाईनं हात वर केला, तेव्हा सगळी शांत झाली. "ह्यो निदान परत तरी आला," ती म्हणाली. "बाकीची कुठं हायती? पन आता कसं करायचं ते आमी ठरवू. तू ऐक."

आणि वस्तीनं ठरवलं. मी वहीत लिहिलं. रक्त काढायचं तर आधी कशासाठी ते सांगायचं. रिपोर्ट आठ दिवसांत, ज्याचा त्याच्या हातात. सिस्टर बुधवारी येतील, इथंच येतील, आणि बाळंतपणाला हरणाबाई आत असेल. प्रत्येकाचं कार्ड प्रत्येकाजवळ. भट्टीवर जाताना कार्ड बरोबर जाईल आणि सांगलीकडचा दवाखाना ते मानेल. भट्ट्यांवर फिरायला वस्तीतलीच बाई असेल.

हिरा पुढं आली. बाही वर केली. "बुधवारी माजं रक्त पयलं घ्या. पन आठ दिसांत कळलं न्हाई, तर पुना हिकडं पाय टाकू नगंस."

त्या दिवशी होडीत तो कड धरायचंही विसरला. पलीकडं उतरताना म्हणाला, "मी परत येऊ का?"

"मला काय इचारता? वस्तीनं सांगितलंय की."

"तुम्हाला विचारतोय."

मी होडी वळवली.

बुधवारी हिराचं रक्त घेतलं. रिपोर्ट घेऊन तो आठव्या नाही, सहाव्या दिवशीच आला. हिरासमोर बसून त्यानं रिपोर्ट वाचला. सात पूर्णांक एक, म्हणजे अजूनही कमीच. दुसऱ्या दिवशी हिराला साताऱ्याला नेलं, शिरेतून लोहाचं औषध सुरू झालं. सांगलीकडचा दवाखाना आपलं कार्ड मानेना, तेव्हा तो हेलपाटे घालत राहिला. मी प्रत्येक खेपेला त्याला विचारायची, "तिथले साहेब खरंच हो म्हणाले? सही दाखवा." तो सही दाखवायचा. शिक्काही दाखवायचा. एकदा तर साहेबांना फोन लावून फोन माझ्या कानालाच दिला. "खात्री करून घ्या, ताई," तो गंभीरपणे म्हणाला. साहेब पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होते आणि मला हसू आवरेना.

मी त्याला माफ कधी केलं, ते सांगता येत नाही. एवढं आठवतं, की दिवाळीनंतर आम्ही सांगलीला भट्टीवर उतरलो, तेव्हा ट्रकमधून मी आधी सामान बघितलं नाही. तो आलाय का, ते बघितलं.

जानेवारीत हिराला मुलगी झाली. सांगलीच्या दवाखान्यातच, हरणाबाई उशाशी बसलेली असताना. हिराचं रक्त तोवर दहाच्या वर गेलं होतं. नर्सनं बाळ बाहेर आणलं, तेव्हा बाकावर प्रज्योत बसला होता. मी बाळ त्याच्यापुढं केलं. तो हात मागं घेत म्हणाला, "मी... मला घेता येत नाही." आणि चष्मा काढून पुसत बसला. दोन्ही काचा स्वच्छ होत्या. मी बघितल्या होत्या.

त्यानंतरच्या तिसऱ्या बुधवारी भट्टीवर तपासणी होती. उन्हात रांग लागली होती. विटांच्या थप्पीला टेकून हिरा बाळाला पाजत होती. रांगेत एक बाई उभी होती, पन्नाशीची. सुती साडी, नीट चोपून नेसलेली. हातावर मातीचा कण नाही. मला लगेच संशय आला.

"मावशी, कुठल्या भट्टीवरच्या?"

"इथल्याच गं. जवळच्याच."

मी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. ती माझ्याकडं टक लावून बघत होती.

"तुझं शिक्षण किती?"

"बारावी. नर्सिंगचा फॉर्म भरलाय."

"स्वतःच्या मनानं, का कुणी भरायला लावला?"

"माझ्या मनानं."

"बरं. आणि लग्नाचं काय...?"

मी हवा भरायची थांबवली. "मावशी, बीपी तुमचं बघायचंय का माझं?"

ती खुदकन हसली. "माझंच बघ. वाढलेलं असणार."

"एकशे पन्नास. कसली काळजी करताय एवढी?"

"मुलाची. चार महिने झाले, जेवताना एकाच वस्तीच्या गोष्टी. म्हटलं, आपण जाऊन बघावं. हल्ली कुणाच्या सांगण्यावर कसा विश्वास ठेवायचा?"

मी वही ओढली. पेन हातात धरला. "नाव...?"

"शालन बनसोडे."

पेन तिथंच थांबला. म्हणजे ही मला तपासायला आली होती!

"झालं का बघून?" मी विचारलं. आवाजात थोडा राग होता, थोडी भीतीही.

"झालं."

"मग? काय आढळलं?"

"फार संशयी आहेस," ती पट्टा सोडवत म्हणाली. "मीही तशीच आहे. आपलं जमेल. बाकीचं त्याचं त्यानं विचारावं, मी नाही विचारणार."

तेवढ्यात लसींचा डबा घेऊन प्रज्योत आला. आम्हा दोघींना शेजारी बघून तो जागच्या जागी थांबला.

"आई? तू... इथं कशी?"

"बीपी बघायला," ती म्हणाली आणि पलीकडं सावलीत जाऊन बसली.

तो माझ्यापुढं उभा राहिला. डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"मी सांगणार होतो... तुम्ही वस्तीवर परत जायच्या आधी. म्हणजे तू... जायच्या आधी."

"नेहमीच सांगणार असता. सांगत कधी न्हाई."

"या वेळी सांगतो." तो अगदी हळू बोलत होता. "मला तू..."

"मोठ्यानं बोला की!" हिरा थप्पीपासून ओरडली. "हितं ऐकू येत न्हाई!"

रांगेतल्या सगळ्या बाया वळून बघू लागल्या. प्रज्योतनं एकदा रांगेकडं बघितलं, एकदा आईकडं. मग माझ्याकडं वळून सगळ्या भट्टीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मला तू आवडतेस, सुगंधा. तुझ्याशी लग्न करायचंय. तुझी इच्छा असेल तरच."

मी त्याच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. सप्टेंबरपासून तो चेहरा मी तपासत आले होते. कुठं काही लपलंय का, कुठं काही गाळलंय का. उन्हात त्याचे डोळे बारीक झाले होते. खूप शोधलं. काही सापडलं नाही.

"नर्सिंग पुरं करणार मी," मी म्हणाले.

"कर."

"अन् काम माझ्या माणसांतच करणार. वस्तीवर, भट्टीवर, जिथं असतील तिथं."

"माहीत आहे. म्हणून तर..." त्यानं पुन्हा डबा उचलला.

"व्हय," मी म्हणाले.

"काय?"

"व्हय म्हणाले. आता परत मोठ्यानं सांगू काय?"

थप्पीपासून हिराचं हसू ऐकू आलं, मग सगळ्या रांगेचं. मला मान वर करवेना. मी घाईघाईनं पुढच्या मावशींना बसवलं, त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि हवा भरू लागले. भरतच राहिले.

"अगं पोरी, सोड की!" मावशी कळवळून ओरडल्या. "त्येला व्हय म्हनालीस, माजा हात का तोडतीस?"